इस्कंदरियात आम्ही दोघंच



"एवढ्या पैशात उमरा झाला असता की, भाबी!"

माझ्या नणंदेने हे वाक्य मे महिन्यात तीनदा ऐकवलं. पहिल्यांदा फोनवर, दुसऱ्यांदा एका वलीम्याच्या जेवणात चार बायकांसमोर आणि तिसऱ्यांदा आम्ही बॅगा भरत होतो तेव्हा, दारात उभं राहून. तिन्ही वेळा मी नुसती हसले. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य मनात मात्र कुसळासारखं टोचत राहिलं.

झालं असं की दुबईला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाने आम्हा दोघांची इजिप्तची तिकिटं काढली. "अम्मी, अब्बा रिटायर झाल्यापासून तुम्ही कुठंच गेला नाहीत. कैरो नको, फार धावपळ होईल. इस्कंदरियाला जा. समुद्र आहे, हवा चांगली आहे. आठ दिवस नुसते बसा." बाकीच्या खर्चाला माझ्या भिशीचे पैसे होते. कुणाचं देणं नव्हतं, मुलीचं लग्न झालेलं, हजही अल्लाहच्या कृपेने सहा वर्षांपूर्वी झालेला. तरी मनाला वाटत होतंच, आपण काहीतरी चैन करतोय.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नाही. मला धास्ती वाटत होती. लग्नाला बत्तीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलो नव्हतो. लग्नानंतर पन्हाळ्याला गेलो तेव्हा सोबत दोन नणंदा आणि दीर होते. नंतर मुलं आली. हजला गेलो तेव्हाही जमात होती, पुरुष एका खोलीत आणि आम्ही बायका दुसऱ्या. आठ दिवस हॉटेलच्या एका खोलीत हे आणि मी बोलणार काय?

धास्ती खोटी नव्हती. पहिले दोन दिवस आमचं बोलणं असं चाललं: "बीपीची गोळी घेतली?" "हो." "पासपोर्ट कुठं ठेवला?" "आतल्या कप्प्यात." "फोन लावायचा का मुलाला?" "लाव." घरी हेच बोलणं दिवसभर पुरतं, कारण मध्ये भाजीवाला असतो, नातवंडं असतात, शेजारची खाला येऊन बसते. इथं मध्ये कुणीच नव्हतं. फक्त खिडकीबाहेर भूमध्य समुद्र.

शहर मात्र पहिल्याच दिवशी आवडलं. रस्त्यावर मुंबईसारख्याच काळ्या-पिवळ्या टॅक्स्या. नाश्त्याला फूल, म्हणजे रात्रभर शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची गरगट्टी उसळ, वर तेल आणि जिरेपूड. मासळी आधी बर्फावर पसरलेली दाखवतात, आपण निवडायची, मग ते भाजून देतात. आम्ही हिंदुस्थानी आहोत हे कळलं की हमखास अमिताभ बच्चनची चौकशी. तिकडे 'ज'चा उच्चार 'ग' करतात, आणि वयस्क बाईला आदराने 'हाज्जा' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक दुकानदार मला "या हाग्गा" म्हणून हाक मारी. दोन दिवसांनी मीही वळून बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी आम्ही कायतबेचा किल्ला बघायला गेलो. समुद्रात शिरलेल्या भूशिरावर हा किल्ला ममलूक सुलतान कायतबे याने १४७७ ते १४७९ या काळात बांधून घेतला. त्याच्याही आधी याच जागी इस्कंदरियाचा प्रसिद्ध दीपस्तंभ होता. इ.स.पूर्व २८० च्या सुमारास उभा राहिलेला, शंभर मीटरहून उंच. पुढे भूकंपांनी तो खिळखिळा झाला. इब्न बतूता १३२६ मध्ये आला तेव्हा त्याची एक बाजू ढासळली होती. १३४९ मध्ये परत आला तेव्हा आत शिरायलाही वाट उरली नव्हती.

मी हे सगळं वाचून गेले होते, ते ह्यांना सांगत होते. हे खाली वाकून किल्ल्याचे दगड न्याहाळत होते. अचानक म्हणाले, "वर जाळ पेटवायचा म्हणजे सरपण वर न्यायला हवं. रोज. एवढ्या उंचीवर. कसं नेत असतील?" आणि मग माझ्या नवऱ्याने, जो घरी दोन वाक्यांच्या पुढे जात नाही, अर्धा तास मला कप्पी, दोर, वजन, उतार हे सगळं हाताने हवेत चित्र काढून समजावलं. त्यातून गाडी एस.टी.च्या वर्कशॉपवर आली. पावसाळ्यात घाटात बंद पडलेली बस, रात्री दोन वाजता कंदील धरून केलेली दुरुस्ती, आत झोपलेली पंचेचाळीस माणसं. छत्तीस वर्षं त्यांनी ही नोकरी केली. डबा मी भरून दिला. ही गोष्ट मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हे कधी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तू कधी मोकळी होतीस?" ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. खरंच होतं.

जुम्याला आम्ही अबुल अब्बास अल-मुर्सी यांच्या मशिदीत गेलो. हे बुजुर्ग तेराव्या शतकातले, अंदलुसमधल्या मुर्सिया शहरात जन्मलेले. हजला निघालेलं त्यांचं कुटुंब वाटेत समुद्रात सापडलं, आईवडील बुडाले, ते वाचले, आणि पुढे इस्कंदरियाचेच होऊन गेले. आजची अष्टकोनी मशीद विसाव्या शतकातली, मारिओ रोसी या इटालियन वास्तुशिल्पीने आखलेली. तिच्या जवळच इमाम बुसिरी यांची मशीद आणि मजार आहे. 'कसीदा बुर्दा' लिहिणारे तेच हे बुसिरी. लहानपणी मिलादच्या मजलिशीत आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले ते सूर, आणि ते रचणारा माणूस इथं समोर झोपलेला! माझे डोळे भरून आले. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. गर्दीत, सगळ्यांदेखत. कोल्हापुरात हे त्यांनी केलं नसतं.

शनिवारी ग्रीक-रोमन वस्तुसंग्रहालय. तिथल्या मूर्ती बघताना हे म्हणाले, "टाऊन हॉलमध्ये एक आहे की असलीच." बरोबर होतं. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन काळातली वस्तू सापडली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती. त्या काळी इस्कंदरियाचा व्यापार लाल समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्याशी चालायचा. कल्याण, चौल ही बंदरं तेव्हाच्या ग्रीक खलाशांना ठाऊक होती. म्हणजे आमच्या गावचा नि या गावचा संबंध दोन हजार वर्षांचा. आम्ही फक्त उशिरा आलो.

आणि मग ते ग्रंथालय.

इस्कंदरियाचं प्राचीन ग्रंथालय जगप्रसिद्ध आहे, आणि त्याबद्दलचा एक आरोप आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकला आहे: हजरत उमर (रजि.) यांच्या हुकमावरून ते जाळलं आणि पुस्तकं हमामखान्यात सरपण म्हणून वापरली. अम्र बिन अल-आस (रजि.) यांच्या फौजा या शहरात शिरल्या ६४२ मध्ये. ही गोष्ट मात्र आढळते ती त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकांत. त्या काळाच्या जवळचे लेखक तिचा उल्लेखही करत नाहीत. उलट इ.स.पूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझरच्या लढाईत पुस्तकं जळाल्याचं रोमन काळातलेच लेखक सांगतात. आज बहुतेक इतिहासकार हजरत उमर यांच्यावरचा आरोप मानत नाहीत. मौलाना शिबली नोमानी यांनी एकोणिसाव्या शतकातच उर्दूत त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. माझ्या वडिलांच्या कपाटात तो होता. त्या कपाटानेच मला वाचायची गोडी लावली.

आजचं नवं ग्रंथालय २००२ मध्ये उघडलं. समुद्राकडे कललेलं प्रचंड गोल छत, आत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारं वाचनदालन. माना खाली घालून वाचणाऱ्या मुली, कुणी हिजाबमध्ये, कुणी मोकळ्या केसांची. मी कठड्याला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर आलो. ग्रंथालयाच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या शंभराहून अधिक लिप्यांतली अक्षरं कोरलेली आहेत. आपलं एखादं अक्षर सापडतं का, म्हणून मी शोधायला लागले.

मागून हे म्हणाले, "त्या वर्षी पैसे होते माझ्याकडे."

कुठलं वर्ष, हे मला विचारावं लागलं नाही. १९९४. माझा बी.एड.ला नंबर लागला होता. सासूबाई म्हणाल्या, घरात नऊ माणसं, ही शिकायला गेली तर चूल कोण बघणार? ह्यांनी सांगितलं, फी भरायला पैसे नाहीत. मी विषय सोडला. पुढे घरीच शिकवण्या घेतल्या, मुलं वाढवली, हा स्तंभ लिहायला लागले. त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाही.

"ओव्हरटाइमचे पैसे खिशात होते," हे म्हणाले. "अम्मीसमोर बोलायची हिंमत नव्हती. म्हणून खोटं बोललो. आत तुला बघितलं, आणि राहवलं नाही."

वाचकहो, अशा वेळी बाईने लगेच माफ केलं असं लिहिलं की छान वाटतं. मी केलं नाही. मला इतका राग आला की अक्षर शोधायचं राहिलंच. मी सरळ रस्ता ओलांडून समुद्राकाठच्या कोर्निशवर चालू लागले. हे मागून. मग आम्ही भांडलो. मराठीत, मोठ्या आवाजात, कारण तिथं कुणाला कळणार होतं? मी तीस वर्षांचं सगळं बोलले. त्यांनीही त्यांचं सांगितलं: बापामागे घर सांभाळण्याचं ओझं, आईच्या अश्रूंची भीती, मला शिकवण्या घेताना बघून रोज वाटणारी लाज. एक म्हातारा आमच्याकडे बघून हसला आणि "मालेश, या हाग्ग" म्हणून ह्यांच्या पाठीवर थोपटून गेला. मालेश म्हणजे जाऊ द्या, असू द्या.

चालता चालता माझ्या लक्षात आलं, आमचं हे पहिलंच पूर्ण झालेलं भांडण. घरी प्रत्येक भांडण अर्ध्यावर तुटतं. कुणीतरी दार वाजवतं, कुकरची शिट्टी होते, मुलं अभ्यासाला बसलेली असतात. अर्धवट भांडणं मग तशीच सांदीत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं कुजतात.

मगरिबची अजान झाली. उन्हाळ्यात तिकडे सूर्य बराच उशिरा मावळतो. नमाज पढून आम्ही कठड्यावर बसलो. समोर गाड्यावर एक माणूस निखाऱ्यावर कणसं भाजत होता, रंकाळ्यावर भाजतात तशीच. ह्यांनी दोन आणली. एक माझ्यापुढे धरून म्हणाले, "माफ कर." मी कणीस घेतलं. माफीला आणखी तीन दिवस लागले. पण ते तीन दिवस आम्ही बोलत होतो.

परत आल्यावर नणंद विचारायला आलीच. आता माझ्याकडे उत्तर होतं. प्रेषित मुहम्मद (स.) एका प्रवासात होते, ह. आयेशा (रजि.) सोबत होत्या. त्यांनी बरोबरच्या लोकांना पुढे जायला सांगितलं आणि मग दोघांनी धावण्याची शर्यत लावली. हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मी शर्यतीचंच कौतुक करत आले होते, "लोकांना पुढे जायला सांगितलं" याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. एवढी मोठी जबाबदारी डोक्यावर असलेल्या माणसाने पत्नीसाठी लोकांना थोडं दूर केलं. मग आपल्या घरात ती फुरसत चैन का वाटते?

"उमऱ्यालाही जाऊ, इन्शाअल्लाह," मी नणंदेला म्हटलं. "पण मनात गाठ घेऊन गेलो असतो. आता तशीच जाणार नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आम्हीसुद्धा कधी दोघंच कुठं गेलो नाही, भाबी."

इस्कंदरिया सगळ्यांना कुठून जमणार? आम्हालाही मुलामुळे जमलं. पण आधी देणी आणि नात्यांचे हक्क पुरे करावेत, आणि मग आठवड्यातली एक संध्याकाळ, असरनंतरचा तासभर, नवरा-बायकोने घराबाहेर काढावा. रंकाळा असो, नदीचा घाट असो की मोहल्ल्यापलीकडचा रस्ता. सासवांनो, सुना-मुलांना जाऊ द्या. तेवढा वेळ चूल तुम्ही बघा, नातवंडं तुमच्याजवळ ठेवा. मोबाईल घरी राहू द्या. आणि बोलता बोलता भांडण झालं तर घाबरू नका. ते पूर्ण होऊ द्या.

आम्ही आता दर गुरुवारी रंकाळ्यावर जातो. कणीस घेतो. ह्यांच्या वर्कशॉपच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत.