बीएस्सीचं प्रॅक्टिकल : टाइमटेबलमध्ये तास वाढले, पण लॅब सांभाळणार कोण?

छत्रपती संभाजीनगरमध्ये बीएस्सीला प्रवेश घ्यायचा म्हटलं की चौकशी ठरलेली असते. कॉलेज अनुदानित आहे का, नॅकची श्रेणी कोणती, बस कुठून मिळते, हॉस्टेल आहे का. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एका वेळी किती मुलं उभी राहतात, हे फारसं कुणी विचारत नाही. खरंतर पुढच्या तीन किंवा चार वर्षांत त्या विद्यार्थ्याच्या आठवड्यातला मोठा वेळ याच खोलीत जाणार असतो. निदान कागदावर तरी.

'कागदावर' म्हणायचं कारण नवं शैक्षणिक धोरण. महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न असलेल्या कॉलेजांमध्ये ते 2024-25 पासून लागू झालं. म्हणजे त्या वर्षी प्रवेश घेतलेली पहिली तुकडी 2026-27 मध्ये तिसऱ्या वर्षाला, आणि ज्यांना ऑनर्स करायचंय ते 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला. आतापर्यंत बीएस्सी तीन वर्षांची होती, त्यामुळे 'चौथं वर्ष' नावाचा वर्ग बहुतेक कॉलेजांनी पाहिलेलाच नाही. त्या वर्गासाठी बाक मिळतीलही. लॅबचा ओटा मिळेल का, हा प्रश्न आहे.

क्रेडिटचं गणित नेमकं काय आहे?

नव्या पद्धतीत सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये 15 तास. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास, आठवड्याला दोन. थोडक्यात, तेवढ्याच क्रेडिटसाठी लॅबला वर्गखोलीच्या दुप्पट वेळ लागतो. वर्गात 120 मुलं एकदम बसवता येतात, लॅबमध्ये त्यांचे साधारण वीस-वीसचे गट पाडावे लागतात. इथेच गणित फिरतं.

एक काल्पनिक कॉलेज घेऊ. पहिल्या वर्षाला केमिस्ट्री घेणारी 120 मुलं आहेत, म्हणजे सहा गट. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर प्रत्येक गटाला आठवड्याला चार तास द्यावे लागतील. झाले 24 तास. दुसऱ्या वर्षाला 80 मुलं, चार गट, 16 तास. तिसऱ्या वर्षाला 60 मुलं, तीन गट, पण प्रॅक्टिकलचे दोन पेपर, म्हणजे पुन्हा 24. एकूण 64 तास. आठवड्यात सहा दिवस, दिवसाला सहा तास लॅब उघडी ठेवली तरी एका लॅबचे 36 तासच होतात. म्हणजे एकाच विषयासाठी दोन लॅब पूर्णवेळ चालवाव्या लागणार. व्होकेशनल स्किलचे कोर्स आणि चौथं वर्ष यात अजून धरलेलंच नाही.

मग कॉलेज काय करतं? वीसचा गट तीसचा होतो. चार तासांचं प्रॅक्टिकल अडीच तासांत उरकतं. एका ब्युरेटवर चौघं उभे राहतात, त्यातला एक टायट्रेशन करतो, दुसरा रीडिंग लिहितो, उरलेले दोघं मोबाईलवर त्या रीडिंगचा फोटो काढतात. जर्नल मात्र चौघांचंही पूर्ण होतं.

लॅब चालवतं कोण?

बाहेरून पाहिलं तर लॅब प्राध्यापक चालवतात. प्रत्यक्षात ती चालते दोन पदांवर, प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर. सोडियम हायड्रॉक्साइडचं 0.1 नॉर्मल द्रावण आज किती लागेल, सिल्व्हर नायट्रेटची बाटली संपत आलीय का, कुठल्या वजनकाट्याचं शून्य हलतंय, कुठल्या ब्युरेटचा नळ गळतोय, हे या लोकांच्या डोक्यात असतं. डेड स्टॉक रजिस्टर तेच लिहितात. निर्लेखनाच्या यादीत जाणारा पंचवीस वर्षांपूर्वीचा पोटेन्शिओमीटर तेच आणखी एक वर्ष चालवून दाखवतात.

राज्यातल्या अनुदानित कॉलेजांमध्ये शिक्षकेतर पदांच्या भरतीवर अनेक वर्षं निर्बंध राहिले. माणूस निवृत्त होतो, पद रिकामं राहतं. जो उरतो तो सकाळी फिजिक्सच्या लॅबमध्ये आणि दुपारी केमिस्ट्रीच्या, मधे परीक्षा विभागाचं काम. काही ठिकाणी रोजंदारीवर किंवा कंत्राटी पद्धतीने मुलं घेतली जातात, पण द्रावण बनवायला शिकेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असतात.

शिक्षकांचीही तीच गत. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं, आणि प्रॅक्टिकलच्या तासाचा दर थिअरीच्या तासापेक्षा कमी ठेवलेला आहे. म्हणजे जिथे वीस मुलांच्या हातात ॲसिड आहे, त्या तासाची किंमत फळ्यासमोरच्या तासापेक्षा कमी. हा हिशेब कुणी आणि कसा मांडला, कळायला मार्ग नाही.

याचा फरक किती पडतो ते एका साध्या प्रॅक्टिकलवरून बघा. ॲसिड-बेस टायट्रेशन आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला ब्युरेट धुणं आणि तीन वाचनं धरून सुमारे 150 मिलि द्रावण लागतं. 120 विद्यार्थ्यांसाठी 18 लिटर. 0.1 नॉर्मल म्हणजे लिटरला 4 ग्रॅम, एकूण 72 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. हे चार चकत्या टाकून ढवळण्याचं काम नाही. हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणून वजन करून केलेल्या द्रावणाची खरी तीव्रता आधी तपासावी लागते. आठवड्यापूर्वी करून उघडं ठेवलेलं द्रावण वापरलं तर मुलाने कितीही नीट एंड पॉइंट पकडला तरी उत्तर चुकणार. ते चुकलं की मुलगा काय करतो? शेजारच्याचं किंवा सीनियरच्या जर्नलमधलं 'बरोबर' रीडिंग उतरवतो. पहिल्याच वर्षी तो शिकतो की प्रयोगाचं उत्तर प्रयोगातून येत नसतं.

आणि पाणी?

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित लक्षात येणार नाही. संभाजीनगरच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

शहराचं पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलं जातं. धरण भरलेलं असतानाही शहराच्या अनेक भागांत वर्षानुवर्षं नळाला आठवड्याने, कधी त्याहून उशिरा पाणी येत आलंय. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं, तेव्हा ती 1,680 कोटींची होती. पुढे खर्च 2,740 कोटींवर गेला आणि काम रखडल्याचं प्रकरण औरंगाबाद खंडपीठासमोर वर्षानुवर्षं चाललं. या सगळ्यात कॉलेजच्या लॅबचा विषय कुठे येतो?

डिस्टिल्ड वॉटरमध्ये येतो. पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची, की डिस्टिल्ड वॉटर तयार. पण वाफ थंड करायला बाहेरून सतत गार पाणी फिरवावं लागतं. साध्या डिस्टिलेशन प्लांटमध्ये एक लिटर डिस्टिल्ड पाण्यामागे दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सिंकमध्ये वाहून जातं. वर सांगितलेल्या 18 लिटर द्रावणासाठी, म्हणजे 180 लिटर. शिवाय एका लिटरमागे साधारण पाऊण युनिट वीज. काचेची भांडी धुणं, कंडेन्सरला फिरणारं पाणी, डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं डोळे धुण्यासाठी लागणारं पाणी, हे सगळं वेगळं.

टँकर कमी आला की आधी कात्री लागते ती रिफ्लक्स आणि डिस्टिलेशनच्या प्रॅक्टिकलला, कारण त्यांना कंडेन्सर लागतो. मग ती 'डेमो'वर भागवली जातात. उपाय अवघड नाहीत. प्लांटचं गार करणारं पाणी छोट्या मोटारीने टाकीत परत फिरवता येतं. तेच पाणी भांड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं. अनेक प्रॅक्टिकलना डिस्टिल्डऐवजी डीआयोनाइज्ड पाणी चालतं. पण मोटार कोण बसवणार, रेझिन संपलं की कोण बदलणार? पुन्हा तोच माणूस, ज्याचं पद रिकामं आहे.

गंमत म्हणजे पाण्याचा कठीणपणा मोजणं हे बीएस्सीचं नेहमीचं प्रॅक्टिकल आहे. ईडीटीएचं टायट्रेशन, दर्शकाचा रंग वाइनसारख्या लालवरून निळा होतो. दख्खनच्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी, नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी असे तीन नमुने या शहरातल्या कुठल्याही मुलाला घरून आणता येतील. तरी जर्नलमध्ये नमुना लिहिलेला असतो 'दिलेलं पाणी'.

मुलं येतात कुठून?

सगळा दोष कॉलेजवर टाकणं सोपं आहे. पण बारावीच्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रत्येकी 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात, आणि ते बहुतेकांना भरघोस मिळतात. दरम्यान नीट आणि सीईटीच्या क्लासेसशी संधान बांधलेली कनिष्ठ महाविद्यालयं उभी राहिली, जिथे नाव एका ठिकाणी आणि मुलगा दुसऱ्या ठिकाणी असतो. हे रोखायला 2018 साली राज्य सरकारने औरंगाबादसह काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. मशीन बसली, 'इंटिग्रेटेड' काही गेलं नाही. नीटमध्ये संधी हुकली की यातली बरीच मुलं बीएस्सीला येतात. गुणपत्रिकेवर प्रॅक्टिकलचे 28 गुण, आणि पिपेट हातात पहिल्यांदाच.

अशा मुलांच्या गटाला पहिल्या महिन्यात जास्त लक्ष लागतं. मिळतं उलटं, कारण पहिल्या वर्षाचा वर्गच सर्वात मोठा असतो.

धोका किती?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर 2018 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात एका संशोधकाचा जीव गेला. देशातली सर्वोत्तम म्हणवणारी संस्था, प्रशिक्षित माणसं, तरीही. पदवीच्या लॅबमध्ये हायड्रोजनचे सिलिंडर नसतात, पण इतर गोष्टी असतात. केरोसिनमध्ये बुडवून ठेवलेलं सोडियम, ज्या बाटलीतलं केरोसिन उडून जातंय की नाही हे कुणीतरी बघायला हवं. जुना ईथर, जो पडून राहिला की त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. कोरडं पडलेलं पिक्रिक ॲसिड, ज्याला हातही लावू नये. या बाटल्या कपाटाच्या मागच्या रांगेत असतात आणि त्या तिथे आहेत हे फक्त एका निवृत्त झालेल्या माणसाला माहीत असतं. निवृत्तीच्या दिवशी कपाटाची चावी सोपवली जाते. यादी सोपवली जातेच असं नाही.

कचऱ्याचंही तसंच. घातक कचऱ्यासाठी 2016 चे नियम आहेत, मायक्रोबायोलॉजीच्या प्लेट टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करणं अपेक्षित असतं. बऱ्याच लॅबना सिंक हाच एक मार्ग माहीत आहे.

'मग व्हर्च्युअल लॅब वापरा' हा सल्ला कोरोनापासून वारंवार दिला जातो. आयआयटींच्या सहभागातून बनलेल्या केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब मोफत आहेत आणि त्यातल्या काही चांगल्याही आहेत. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बघायला उत्तम. प्राणिशास्त्रात तर 2014 मध्ये यूजीसीने विच्छेदन थांबवायला सांगितल्यावर मॉडेल आणि सॉफ्टवेअर हाच पर्याय उरला. पण स्क्रीनवरच्या ब्युरेटमधून शेवटचा थेंब जास्त पडत नाही. हात थरथरणं आणि एंड पॉइंट ओलांडून पुन्हा पहिल्यापासून करणं, हे माऊसने शिकता येत नाही.

याचा नोकरीशी काय संबंध?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. शहराच्या दोन्ही बाजूंना औद्योगिक वसाहती आहेत आणि त्यात औषधनिर्मितीच्या कंपन्याही आहेत. बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुलाला इथे मिळणारी पहिली नोकरी बहुधा क्वालिटी कंट्रोलची असते. तिथे द्रावण बनवायचं, त्याची तीव्रता तपासायची, वाचन जसं आलं तसं लिहायचं आणि सही करायची. आकडा 'जुळवून' लिहिला तर औषधाची संपूर्ण बॅच धोक्यात येते, आणि लिहिणाऱ्याची नोकरीही. तीन वर्षं जर्नलमध्ये रीडिंग जुळवलेल्या मुलाला ही सवय पहिल्या आठवड्यात सोडायची असते.

हा प्रश्न एकट्या शहराचाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात चार जिल्हे आणि चारशेहून जास्त कॉलेजं आहेत. शहरातली जुनी कॉलेजं त्यातल्या त्यात बरी, त्यांच्याकडे इमारती आणि काचसामान तरी आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे कॉलेज सुरू केलं, तेव्हा मराठवाड्यातल्या मुलाला विज्ञान शिकायला हैदराबाद गाठावं लागू नये हा विचार होता. आज बीड-धाराशिवच्या तालुक्यातला मुलगा संभाजीनगरला येतो त्यामागेही हेच कारण असतं, की गावाकडच्या कॉलेजात लॅबच्या दाराला कुलूप असतं.

ऑनर्स विथ रिसर्चचं चौथं वर्ष देताना विभागात संशोधनासाठी लॅबची सोय आहे का, हे बघणं अपेक्षित आहे. ही तपासणी होताना समिती काय मागते यावर बरंच अवलंबून राहील. उपकरणांची यादी मागितली तर ती प्रत्येकाकडे आहे. त्याऐवजी गेल्या सेमिस्टरच्या रसायनांचा वापर आणि गटांची हजेरी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर 120 मुलांनी टायट्रेशन केलं की चाळीस, हे सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीवरूनच कळेल.

प्रवेश घेणाऱ्यांना एवढी वाट बघायची गरज नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅब दाखवायला सांगा. प्रॅक्टिकल चालू असताना गेलात तर आणखी बरं. एका ब्युरेटवर किती जण आहेत ते मोजा, फ्यूम हूडचा पंखा चालू करून दाखवा म्हणा, नळ उघडून बघा. आणि तिथे पांढरा किंवा खाकी कोट घातलेले एखादे मामा बाटल्यांना लेबल लावत असतील, तर ते कायम आहेत की कंत्राटी, आणि त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत, हे विचारा.