यंत्र वाजले म्हणजे इतिहास सापडला असे नव्हे

१/ गडाच्या उतारावर मेटल डिटेक्टर फिरवायचा, तो किणकिणला की ‘शिवकालीन खजिना!’ अशी आरोळी ठोकायची आणि कुदळ मारायची. अशा रील्सना आपण इतिहासप्रेम म्हणतो. माझा याला स्पष्ट विरोध आहे. तो आवाज मुळात काय सांगतो, ते आधी पाहू.

२/ यंत्राच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. त्यामुळे धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र ध्वनीत रूपांतरित करते. सर्वसाधारणपणे लोखंडाचा स्वर घोगरा, चांदी-तांब्याचा उंच, तर शिशाचा मधला. म्हणजे आवाज धातूविषयी बोलतो, काळाविषयी नाही. कालची चांदीची अंगठी आणि तीनशे वर्षांपूर्वीचे नाणे सारखेच गातात.

३/ त्यातही फसगत आहे. आपल्या बेसाल्टात आणि जांभ्यात लोहखनिजे असल्याने यंत्र रिकाम्या जागीही बरळते. गंजलेला पत्रा कधीकधी चांदीचा सूर काढतो.

४/ म्हणून हौशी मंडळी लोखंडाचा स्वर बंदच करून टाकतात. पण गडाचा इतिहास लोखंडाचाच तर आहे: खिळे, नाल, बाणांची टोके, तोफगोळे! कोल्हापूरच्या कुर राजांची नाणी शिशाची. त्यांचा मधला स्वर चॉकलेटच्या चांदीसारख्या कागदाशी सहज मिसळतो. हा कान इतिहासाचा नव्हे, सराफाचा आहे.

५/ पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन ते बहामनी काळापर्यंतची वस्ती थराथरांतून उलगडली. ब्रह्मपुरीचीच पोसायडनची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ती कुठली हे ठाऊक आहे, म्हणूनच ती रोमशी असलेल्या व्यापाराची साक्ष देते. स्थळ हरवले असते, तर ती केवळ एक सुबक बाहुली ठरली असती.

६/ ‘आम्ही नाही काढले तर जेसीबी नेईल’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. दोष यंत्राचाही नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ मध्ये याच यंत्रांनी गोळ्या आणि काडतुसे शोधली. पण प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर नोंदवली, म्हणून लढाईची हालचाल कळली. तिथे शोध वस्तूंचा नव्हता, जागांचा होता.

७/ पन्हाळा संरक्षित स्मारक आहे; तिथे विनापरवाना खोदणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. इतरत्रही दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

८/ तेव्हा मित्रहो, काही दिसलेच तर छायाचित्र घ्या, जागा टिपा, कळवा आणि माती जशी आहे तशी राहू द्या. उपटलेला थर पुन्हा रचता येत नाही.