काडतूस आधी ठरवा, रायफल नंतर

मा. भूदलप्रमुख, भारतीय सेना, नवी दिल्ली यांस
(प्रत : अध्यक्ष, म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, खडकी, पुणे)



पत्र देऊळगाव राजाहून लिहितो आहे. सरहद्द आमच्यापासून फार लांब, पण पहाटे चिखली रोडवर भरतीसाठी धावणारी पोरं पाहिली की ती तेवढी लांब वाटत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गातून गेलेले काही जण पायदळात आहेत. तेव्हा त्यांच्या हातात कोणतं काडतूस पडणार हा विषय मला परका नाही, आणि त्यात थोडंफार भौतिकशास्त्र असल्यामुळे बोलायचा धीरही होतो.

आपल्या स्नायपरकडे वर्षानुवर्षं ड्रॅगुनोव्ह रायफल आहे. तिचं ७.६२×५४ हे काडतूस रशियाने १८९१ साली घेतलं. जुनं आहे म्हणून वाईट आहे असं नाही. आठशे मीटरपर्यंत ते आपलं काम चोख करतं. पुढे मात्र ते थकतं. म्हणून सेनेने .३३८ लापुआ मॅग्नमकडे पाहायला सुरुवात केली. २०१८ मध्ये ५,७१९ रायफली आणि सुमारे १ कोटी २ लाख काडतुसांची निविदा निघाली, २०१९ मध्ये ती रद्द झाली. त्याच वर्षी उत्तर कमांडला थोड्या बेरेटा आणि बॅरेट रायफली मिळाल्या, नंतर नियंत्रण रेषेवर फिनलंडच्या साको टीआरजी-४२ आल्या. म्हणजे नवं काडतूस आपण स्वीकारलंही आहे आणि स्वीकारलेलंही नाही. लग्न ठरलं, पण तारीख नाही, अशी ही अवस्था आहे.

तेवढ्यात जग पुढे सरकलं. अमेरिकेने २०२२ मध्ये पायदळासाठी ६.८×५१ निवडलं. त्यांच्या नव्या स्नायपर रायफलीत नळी बदलून .३०० नॉर्मा आणि .३३८ नॉर्माही चालतं. प्रत्येक प्रदर्शनात एखादं नवं काडतूस झळकतं आणि प्रत्येकाची जाहिरात एकाच आकड्याची असते : पल्ला. पल्ल्याच्या आकड्यावरून निर्णय होऊ नये, एवढंच सांगायला हे पत्र आहे.

.३३८ची गोळी साधारण १६ ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास. आपल्या पायदळाच्या ७.६२×५१ची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या घरातली. जड, लांबट गोळी हवेत वेग टिकवून धरते, वारा तिला कमी ढकलतो आणि हजार मीटरच्या बऱ्याच पुढेपर्यंत ती ध्वनीच्या वेगाच्या वर राहते. गोळी त्या वेगाखाली उतरताना डळमळते, म्हणून स्नायपरचा खरा पल्ला तिथेच संपतो. इथवर .३३८ची बाजू भक्कम आहे. किंमतही उघड आहे : रायफल जड आणि एकेक काडतूस जवळपास दुप्पट वजनाचं. चढावर पाठीला ते जाणवणारच.

पण कागदावरचा हा सगळा फायदा एका गोष्टीवर टांगलेला आहे. प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच निघालं पाहिजे. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर, ढोबळ हिशोबाने, हजार मीटरवर गोळी वीतभर वर किंवा खाली लागते. नेम अचूक, वारा पडलेला, तरीही. हा फरक येतो दारूच्या वजनातून, पुंगळीच्या जाडीतून, टोपीच्या ठिणगीतून. आणि तापमानातून. काडतुसांचा कारखाना असलेल्या वरणगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे तपासलेलं काडतूस द्रासला शून्याच्या वीस अंश खाली झाडलं की थंड दारू मंद जळते, वेग घटतो. उलट उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गोळीला अडथळा कमी. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. त्यांची बेरीज काय होते हे आपलीच काडतुसं आपल्याच डोंगरात झाडून काढावं लागतं. परदेशी कंपनीच्या तक्त्यावर ते छापलेलं नसतं.

वरणगावचं नाव ओघात आलं, पण खरा मुद्दा तिथेच आहे. आमच्याकडून चिखली, बुलढाणा, मोताळा, मलकापूर, मुक्ताईनगर करत गेलं की वरणगाव लागतं. तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी आणि खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना ही महाराष्ट्रातली लहान हत्यारांच्या काडतुसांची मोठी ठिकाणं. ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडियाच्या बारा कारखान्यांत मोडतात. लाखोंनी काडतुसं काढण्याची सवय या यंत्रांना आणि हातांना आहे. स्नायपरच्या काडतुसाला वेगळी सवय लागते : कमी संख्या, छोटा लॉट, प्रत्येक लॉटची वेगळी चाचणी, आणि मनाजोगता निघाला नाही तर तो बाजूला काढायची हिंमत. उत्पादनाच्या उद्दिष्टावर ज्याची बढती ठरते त्या अधिकाऱ्याकडून ही हिंमत मागणं सोपं नाही.

इतिहास पाहा. .३०३ गेलं, ७.६२×५१ आलं. नव्वदच्या दशकात इन्सास रायफलीबरोबर ५.५६ आलं. २०१९ पासून सिग ७१६ बरोबर ७.६२×५१ परतलं आणि अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ साठी ७.६२×३९ ठरलं. ड्रॅगुनोव्हचं ७.६२×५४ होतंच. बोलताना तिन्ही ‘सात बासष्ट’, पण एकाचं दुसऱ्यात बसत नाही. पुलगावच्या दारूगोळा डेपोपासून शेवटच्या चौकीपर्यंत हे प्रत्येक वेगळं साठवायचं, वेगळं मोजायचं, खेचराच्या पाठीवर वेगळं चढवायचं. प्रत्येक बदलाला त्या त्या वेळी कारण होतं, मी ते नाकारत नाही. पण दर पिढीला काडतूस बदलणाऱ्या सैन्याचा कोणताच कारखाना एका काडतुसात मुरत नाही.

इतरांनीही हे भोगलं आहे. १९३२ मध्ये अमेरिकेची नवी गॅरंड रायफल .२७६ या हलक्या काडतुसासाठी जवळजवळ ठरली होती. लष्करप्रमुख मॅकार्थर यांनी ती जुन्याच .३०-०६ मध्ये करायला लावली, कारण जुन्या काडतुसांचा प्रचंड साठा पडून होता. नव्याचे चाहते हळहळले, पण तीच रायफल घेऊन अमेरिका महायुद्ध लढली. ब्रिटिशांनी १९५१ मध्ये स्वतःचं .२८० घेतलं आणि मित्रदेशांचा मेळ बसेना म्हणून सोडूनही दिलं. काडतूस किती चांगलं, यापेक्षा ते कोण बनवणार आणि किती वर्षं, यावर दोन्हीकडे निकाल लागला.

आता माझं मत. स्नायपरसाठी .३३८ लापुआ घ्या, पूर्ण घ्या, आणि ड्रॅगुनोव्हचं काडतूस टप्प्याटप्प्याने बंद करा. हे काडतूस १९८९ पासून जगात रुळलं आहे, त्याचे दोष माहीत आहेत. त्यापेक्षा थोडं सरस असं काही दर पाच वर्षांनी निघणारच, त्यामागे धावू नये. निदान पंचवीस वर्षं तरी नाही. अमेरिकेचं ६.८ तर साध्या पायदळासाठी मनातही आणू नये. त्याचा दाब दर चौरस इंचाला ८०,००० पौंडांच्या घरात, आपल्या ७.६२×५१चा साधारण ६०,०००. तो पेलायला पुंगळीचं बूड पोलादी करावं लागलं. पितळी पुंगळ्यांवर उभे असलेले आपले कारखाने त्यासाठी मुळापासून बदलावे लागतील.

एक हिशोब सरावाचाही मांडतो. २०१८च्या निविदेत एका रायफलीच्या वाट्याला १,७८०च्या आसपास काडतुसं येत होती. आठवड्याला ४० फैरी धरल्या तर ती वर्षभरही पुरत नाहीत, आणि त्यातच युद्धासाठीचा साठाही ठेवायचा. आयात केलेलं काडतूस महाग पडलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती सरावाला. मग दीड किलोमीटर पल्ल्याची रायफल आणि सहाशे मीटरवर हात बसलेला जवान, अशी जोडी तयार होते.

म्हणून विनंती अशी : रायफल आणि काडतूस यांचा करार वेगळा करू नका. वरणगावला किंवा खडकीला .३३८ साठी स्वतंत्र छोटा विभाग द्या, त्याला संख्येचं उद्दिष्ट लावू नका. प्रत्येक लॉट उन्हाळ्यात मैदानात आणि हिवाळ्यात लडाखमध्ये झाडून, त्याचा वेगाचा तक्ता पेटीतच घालून जवानाला द्या. सरावाची काडतुसं युद्धसाठ्यापासून वेगळी मोजा. आणि पुढची निविदा निघेल तेव्हा काडतुसाचं कलम शेवटच्या परिशिष्टात नको, पहिल्या पानावर असू द्या.

आपला,
देऊळगाव राजा येथील एक निवृत्त शिक्षक