कण्हेर उपटावी काय?

आमच्या शाळेच्या कुंपणालगत कण्हेरीची एक रांग आहे. "हीं झुडुपें विषारी, तीं समूळ उपटून टाकावीं," अशी सूचना यंदां कांहीं पालकांनीं केली. त्यांची काळजी रास्त आहे. परंतु त्यांचा उपाय आम्हांस मान्य नाहीं, हें येथें नम्रपणें सांगावयाचें आहे.

कण्हेरीचें पान, फूल, साल, मूळ, सर्वच विषारी, यांत शंका नाहीं. तें विष हृदयाचे ठोके बिघडवितें. आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. म्हणूनच 'करवीर' या नांवाबरोबर 'अश्वमारक' असेंहि नांव त्यांनीं तिला दिलें. तरी त्यांनीं तिला अंगणांतून हांकलून दिलें नाहीं. तिचीं फुलें पूजेच्या परडींत ठेविलीं.

याचें कारण उघड आहे. वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागला कीं नाजूक फुलझाडें माना टाकितात. कण्हेर मात्र हिरवीगार राहून फुलत असते. तिचें पान अरुंद व चिवट असून त्याचीं श्वासरंध्रें पाठीवरील केसाळ खळग्यांत दडलेलीं असतात. त्यामुळें पाणी फारसें उडून जात नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं वीतभर फांदी मातींत खोंवली तरी रुजते. बहर ओसरल्यावर छाटणी केली म्हणजे नव्या फुटव्यांस फुलें येतात. १९४५ च्या अणुबाँबनें होरपळलेल्या हिरोशिमाच्या भूमींतहि ती फुलली, आणि १९७३ सालीं त्या शहरानें तिला आपलें मानाचें फूल ठरविलें.

जेथें रांगतीं मुलें किंवा मोकाट शेळ्या आहेत, तेथें ती लावूं नये, हें आम्हीहि म्हणतों. पण शाळेंतून ती उपटली, तरी महामार्गाच्या दुभाजकांत ती भेटणारच. शिवाय बिट्टी, धोतरा, एरंड हींहि विषारीच. कोणकोणतें झाड उपटावयाचें?

त्यापेक्षां चार गोष्टी प्रत्येक मुलास ठाऊक असाव्या. कण्हेरीचें पान वा काडी तोंडांत घालूं नये. छाटणीनंतर हात स्वच्छ धुवावे. छाटलेल्या फांद्या जाळूं नयेत, कारण तिचा धूरहि अपायकारक आहे. त्या गुरांपुढेंहि टाकूं नयेत. आणि चुकून कोणीं ती खाल्लीच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

येत्या पावसाळ्यांत त्या रांगेशीं झुडुपाचें नांव व हे नियम लिहिलेली पाटी लावावी, आणि ती पांचवीच्या मुलांनींच रंगवावी, अशी आमची उलट सूचना आहे. जें मूल ती पाटी रंगवील, तें कण्हेरीचें पान कधींहि तोंडांत घालणार नाहीं.