आलेख काळ्या शाईंतहि बोलला पाहिजे

अलीकडे शाळेंतील बहुतेक प्रकल्पांत आलेख असतोच. संगणकावर तो क्षणांत तयार होतो, व तांबडा, हिरवा, पिवळा असे रंग त्यांत आपोआप भरले जातात. पडद्यावर तो मोठा मोहक दिसतो. पण तोच कागद काळ्या शाईंत छापला, किंवा त्याची झेरॉक्स काढली, म्हणजे तांबडा व हिरवा बहुधा एकाच करड्या छटेचे होतात, आणि पिवळी रेघ तर कागदांतच विरून जाते. मग बाजूच्या चौकटींतील रंगांची यादी वाचकाच्या काय कामाची? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, जो आलेख रंगावांचून वाचतां येत नाहीं तो अपुराच होय.

रंगांनीं शोभा येते हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु शोभा निराळी आणि अर्थ निराळा. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनीं आपल्या नकाशांत घरोघरचे मृत्यु लहान काळ्या रेघांनीं दाखविले. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोंवतीं झालेली त्या रेघांची दाटी पाहतांच संशय कोणत्या पाण्याचा घ्यावा हें कळतें. फ्रेंच इंजिनियर शार्ल मिनार यांनीं १८६९ सालीं नेपोलियनच्या १८१२ मधील रशियावरील स्वारीचा आलेख काढिला. त्यांत ४,२२,००० सैन्याचा रुंद पट्टा झिजत झिजत अखेर १०,००० वर येतो. जाणारा पट्टा फिका व परतणारा काळा आहे, आणि संख्या रुंदीनें व अंकांनीं सांगितली आहे. म्हणून काळ्या छपाईंत त्याचें कांहींएक बिघडत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं यावरून बोध घ्यावा. एक रेघ अखंड, दुसरी तुटक, तिसरी टिंबांची काढावी, व प्रत्येकीचें नांव तिच्या टोकाशींच लिहावें. स्तंभांस पांढरी, करडी व काळी अशा दूरदूरच्या तीनच छटा द्याव्या. दाट तिरप्या रेघांनीं डोळे दिपतात, त्या टाळाव्या. स्तंभांची मोजणी शून्यापासून सुरू करावी. रेघा चारपांचांहून अधिक झाल्या तर एकाचे दोन आलेख करावे.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाहीं. कित्येकांस, विशेषतः पुरुषांस, जन्मतःच तांबड्याहिरव्यांतील भेद नीट ओळखतां येत नाहीं. असा मुलगा आपल्या वर्गांतहि असूं शकेल. शिवाय रंगीत छपाईस पैसे अधिक पडतात. ज्या घरीं ते जड जातात, तेथील मुलाचें काम तेवढ्यामुळें उणें ठरावें काय? गुण रंगांस नव्हे, समजुतीस मिळावे.

पालकांसहि आमची विनंति आहे. प्रकल्प शाळेंत देण्यापूर्वीं त्याची एक काळी प्रत काढवावी, आणि ज्यास विषय ठाऊक नाहीं अशा घरांतील कोणा वडीलधाऱ्या माणसाच्या हातीं ती द्यावी. मुलानें कांहीं न सांगतां त्यांस त्यांतील अर्थ सांगतां आला, तर आलेख साधला असें समजावें. त्यावर मग रंग खुशाल चढवावे.