पिल्लू त्यांच्या घरी, जबाबदारी आपली

दिवाळी सरते आणि आपल्या दवाखान्यांतले फोन वाढू लागतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या माजाचा भर पावसाळ्याच्या अखेरीस, गाभणकाळ सुमारे दोन महिन्यांचा; त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी हा पिल्लांचा हंगाम. बांधकामावरच्या वाळूत, गाड्यांच्या चाकांआड, सोसायटीच्या जिन्याखाली पिल्ले सापडतात. निवारे आधीच भरलेले असतात. मग आपण ओळखीच्या एखाद्या घरी फोन करतो, “ताई, फक्त चार दिवस ठेवाल का?”

हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते आणि ते आपल्याला ठाऊक असते. इंडी पिल्लाला कायमचे घर मिळायला आठवडे जातात, मादी असेल तर त्याहून अधिक. फॉस्टर करणारी माणसे पिल्लाच्या शी-शूला कंटाळून सोडून गेली, असे मी फार कमी पाहिले. जनावर सोपवल्यानंतर आपण फोन उचलेनासे झालो, म्हणून सोडून गेलेली पुष्कळ पाहिली.

माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन महिन्यांचे एक पिल्लू मी असेच घाईत एका घरी पाठवले. चौथ्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली. पार्व्होची लक्षणे साधारण ३ ते ७ दिवसांत, कधी १४ दिवसांपर्यंत दिसतात, हे मला पाठ होते. त्या घरात लसीकरण अर्धवट राहिलेले दुसरे पिल्लू आहे का, एवढे मात्र मी विचारले नव्हते. दोन्ही पिल्ले गेली. त्या घरच्या बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांच्या घरी पुन्हा पिल्लू गेले नाही, एवढेच.

तेव्हापासून मी पाठवणीआधी तीन गोष्टी विचारतो. घरातल्या प्राण्यांच्या लसी पूर्ण आहेत का? १४ दिवस वेगळे ठेवायला खोली, निदान बंद बाल्कनी आहे का? आणि घरच्या माणसांनी रेबीजची पूर्वलस घेतली आहे का? रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला काय चावून गेले, हे आपल्याला कधीच कळत नाही. ओरखडा उठला तरी १५ मिनिटे साबणपाण्याने धुवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, ही सूचना कागदावर लिहून द्यावी. घाबरलेल्या माणसाला तोंडी सांगितलेले आठवत नाही.

फिनाइलबद्दलही स्पष्ट लिहावे. त्याने पार्व्हो मरत नाही आणि मांजराला ते विषारी आहे. आधी घाण साबणाने धुवायची, मग घरगुती ब्लीचचा १ भाग ३० भाग पाण्यात मिसळून फरशी १० मिनिटे ओली ठेवायची, नंतर साध्या पाण्याने धुऊन काढायची.

डोळे न उघडलेले मांजरीचे पिल्लू नवख्या हाती देऊच नये. पहिल्या आठवड्यात दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजावे लागते, आणि तेही गायीचे नव्हे, मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारे. पिल्लू पालथे धरून पाजायचे, उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. गार पडले असेल तर आधी ऊब, मग दूध. दर वेळी कोमट ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. वजन रोज सुमारे १० ग्रॅमने वाढायला हवे. एक दिवस अडले तरी आपल्याला फोन यायला हवा.

एवढा खटाटोप का, तर घर जे देते ते पिंजरा देऊ शकत नाही. कुत्र्याचे पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात जग ओळखायला शिकते, मांजराचे तर २ ते ७ आठवड्यांतच. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्ट, दारावरची बेल, धावणारी मुले हे सगळे त्याच वयात अंगवळणी पडते. पिंजऱ्यात ‘शांत’ वाटणारे जनावर अनेकदा भीतीने गोठलेले असते, आणि ते सर्वांत आधी ओळखते फॉस्टर घर. म्हणून दत्तक घेणाऱ्यांशी बोलताना त्या घरचे माणूस समोर असावे, त्याची निरीक्षणे नोंदीत असावीत.

आपल्या बाजूने मुदत खरी सांगू या. खाणे, औषधे आणि नसबंदीचा खर्च कोण करणार, अडचण आली तर दुसरे घर कोणते, हे आधी ठरवू या. आणि मुदत संपल्यावर “आता तुम्हीच ठेवून घ्या ना” असा भार कोणावर टाकू नये. आजोळी मूल कायमचे राहत नाही, म्हणून आजीची माया कमी ठरत नाही.

या अंकाच्या शेवटच्या पानावर पाठवणीचा कागद छापला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून दवाखान्यात ठेवा. तळाशी एक ओळ रिकामी आहे: रात्री अकरानंतर फोन कोणाला करायचा? तिथे नाव आणि नंबर लिहिल्याशिवाय पिल्लू कोणाच्या हाती देऊ नका.