इंग्रजीची शिक्षकी आणि परदेशची वाट

डेक्कन कॉलेज १८६८ साली येरवड्याच्या नव्या वास्तूत आले, तेव्हा तेथे इंग्रजी शिकविण्यासाठी माणसे विलायतेहून येत. त्याआधी कॉलेज शहरात असताना ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्याचे कर्ते एडविन आर्नल्ड यांनी त्याचे प्राचार्यपद सांभाळले होते. येरवड्यात कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि पुढे सेल्बी यांच्यासारख्या प्राध्यापकांनी इंग्रजी वाङ्मयाचे वर्ग घेतले. टिळक-आगरकर याच वास्तूत शिकले आणि येथून बाहेर पडून त्यांनी इंग्रजी शाळा काढण्याच्या उद्योगाला हात घातला. दीडशे वर्षांनंतर प्रवाहाची दिशा पुरती उलटली आहे. इंग्रजी घेऊन एम.ए., बी.एड. झालेले तरुण-तरुणी आता याच येरवड्यावरून लोहगावच्या विमानतळाकडे जातात आणि मस्कत, दुबई किंवा माले येथील शाळेत इंग्रजीचा तास घेण्यासाठी देश सोडतात. वाघिणीचे दूध म्हणून ज्या भाषेची महती गायिली गेली, ती आता महाराष्ट्राने बाहेर पाठविण्याच्या मालांपैकी एक झाली आहे. मात्र हा माल कोणत्या भावाने जातो आणि वाटेत त्याची किती नासधूस होते, याची विचारपूस करण्याची गरज मुंबईत किंवा दिल्लीत फारशी कोणाला वाटलेली दिसत नाही.

ही मंडळी जातात का, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे झाले. त्याच वर्षी शिक्षणसेवक ही नवी जात जन्माला आली. शिक्षकाचे सर्व काम करायचे आणि तीन वर्षे मानधनावर राहायचे, असा तिचा अर्थ. हे मानधन वाढून प्राथमिक शाळेत १६ हजार, माध्यमिक शाळेत १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयात २० हजार रुपये होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत प्राथमिकचा शिक्षणसेवक सहा हजारांवर होता. मधल्या काळात, २०१२ मध्ये, शिक्षकभरतीला लगाम बसला. ‘पवित्र’ प्रणालीसाठी पहिली अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ च्या डिसेंबरात. ज्याचे बी.एड. २०१२ साली पूर्ण झाले, त्याच्या आयुष्यातील ऐन उमेदीची पाच वर्षे अशी वाट पाहण्यात गेली. वरिष्ठ महाविद्यालयांतील घड्याळी तासिकांच्या प्राध्यापकांची कथा याहून वेगळी नाही. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. अशा माणसाला कोणी परदेशातील शाळेचे पत्र दाखविले तर तो जाणारच. त्याला देशप्रेमाचे धडे देणे हा निव्वळ कोडगेपणा होय.

शिक्षकांचे हे स्थलांतर नवे नाही. हैले सेलासी यांच्या राजवटीत इथिओपियाच्या शाळांतून हजारो भारतीय शिक्षक शिकवीत होते. नायजेरियाने १९७६ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतली. तेलाचा पैसा खुळखुळत होता आणि शिक्षक कमी होते, म्हणून भारतीय पदवीधरांना तेथे मोठी मागणी आली. १९७४ मध्ये इथिओपियात क्रांती झाली आणि सम्राट गेले. १९८० नंतरच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, तेव्हा नायजेरियातील शिक्षकांचे पगार तुंबले आणि मिळालेला पगार घरी पाठविणेही अवघड होऊन बसले. परदेशातील शिक्षकाची नोकरी त्याच्या गुणवत्तेइतकीच यजमान देशाच्या तिजोरीवर उभी असते, हे तेव्हाच कळून चुकायला हवे होते. आखातातील शाळांकडे निघालेल्यांनीही ते ध्यानात ठेवलेले बरे.

आज महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या शिक्षकाला जी दारे खरोखर उघडी आहेत, ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आणि दुसरे मालदीवच्या बेटांवरील शाळा. आखातात पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरे. पण घरभाडे कोणी द्यायचे हे ठरले नसेल तर करातून वाचलेला पैसा घरमालकाच्या खिशात जातो. त्याच शहरात ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा असतात आणि त्यांचे पगार वरचे असतात, परंतु त्यांची पहिली पसंती इंग्लंड-आयर्लंडच्या माणसाला असते. मालदीवमध्ये नेमणूक होते ती बहुधा राजधानीबाहेरच्या लहानशा बेटावर. जेथून घरी येणे हा बोटीचा आणि विमानाचा मिळून एक संकल्प असतो, अशा ठिकाणी दोन वर्षे काढण्याची मनाची तयारी हवी. ती असेल तर नोकरी वाईट नाही.

पूर्व आशियाचा मोह मात्र तपासून घ्यायला हवा. तेथे इंग्रजी शिकविण्याचा धंदा प्रचंड आहे, पण त्याच्या दारावर जन्माचा दाखला मागितला जातो. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा परवाना सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतात इंग्रजी ही संघराज्याची सहभाषा आहे, उच्च न्यायालयांचा कारभार तिच्यात चालतो, तरी या यादीत भारत नाही. २०१० साली अंमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीय शिक्षकांसाठी एक अरुंद फट ठेवण्यात आली, आणि तीही अध्यापनाची पात्रता असलेल्या सहायक शिक्षकापुरती. ब्रिटनची गोष्ट याहून मासलेवाईक. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या देशाने भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना आपल्या शाळांची अधिकृत पात्रता मिळविण्याचा मार्ग खुला केला, तेव्हा येथे बराच गाजावाजा झाला. बारकाईने वाचणाऱ्याला दिसले ते असे की, भारतीय शिक्षकांसाठी विषय होते गणित, विज्ञान आणि भाषा. आणि भाषा म्हणजे इंग्रज मुलांना ज्या परक्या वाटतात त्या भाषा. इंग्रजीचे नाव त्यात नव्हते.

यात अन्याय आहे, आणि तो जुना आहे. जगदीशचंद्र बोस १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले, तेव्हा त्याच कामासाठी गोऱ्या प्राध्यापकाहून कमी वेतन त्यांच्या हाती ठेवण्यात आले. त्यांनी ते तीन वर्षे घेतलेच नाही. आज वेतनातील हा फरक कातडीच्या रंगाऐवजी ‘मातृभाषी’ या शब्दाने सांगितला जातो, एवढाच बदल. काश्मीरचे ब्रज काचरू यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात बसून आयुष्यभर हेच मांडले, की इंग्रजी आता एका बेटाची राहिलेली नाही. भारत, नायजेरिया, सिंगापूर येथे तिची स्वतःची घरे झाली आहेत. विद्वानांनी ते मान्य केले. परवाने देणाऱ्या कचेऱ्यांपर्यंत ते अद्याप पोचलेले नाही.

तथापि सगळा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले तरी खरे नाही. महाराष्ट्रातील इंग्रजीचा एम.ए. मिल्टन आणि एलियट यांच्यावर वीस गुणांचे उत्तर लिहू शकतो. पण ज्या मुलाला इंग्रजीचे एक वाक्य धड बोलता येत नाही, त्याला ते बोलते कसे करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. बी.एड.चे सराव पाठ कसे होतात, ते शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्यांना सांगायला नको. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यायची, ही आपली खरी पद्धत. परदेशातील शाळा मुलाखतीत एक नमुना पाठ घ्यायला सांगते, तेव्हा गुणपत्रिकेतील प्रथम श्रेणी उपयोगी पडत नाही. आणि हे सारे अशा देशात, ज्याने या विषयात जगाला काही दिले आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांतून एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम पाठ करून घेण्याऐवजी वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट शोधणे अशी कामे मुलांपुढे ठेवायची आणि ती करता करता भाषा अंगवळणी पडू द्यायची, असा तो विचार होता. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभरच्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमात गेला आणि प्रभू स्वतः पुढे सिंगापूरच्या विद्यापीठात शिकवू लागले. आपल्या अध्यापक महाविद्यालयांतील किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न न विचारलेला बरा.

या उणिवेवर आता एक नवा बाजार उभा राहिला आहे. घरबसल्या चार दिवसांत, काही हजारांत, परदेशी इंग्रजी शिकविण्याचे ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र मिळते. त्यावर सोनेरी मोहोर असते, पण एकाही जिवंत विद्यार्थ्यापुढे उभे राहण्याची अट नसते. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ प्रमाणपत्राशी ताडून पाहिले म्हणजे फरक कळतो. तेथे किमान १२० तासांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यात सहा तास परीक्षकाच्या देखत खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते. खर्च जास्त, मेहनत जास्त. पण चांगली शाळा विचारते ते हेच. हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था, म्हणजे आताचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, १९५८ पासून शिक्षकांना इंग्रजी शिकविण्याची विद्या देत आली आहे. पुण्याच्या शिक्षकाला तिचा रस्ता सहसा कोणी दाखवीत नाही.

खरा धोका याहून पुढे, दलालाच्या कचेरीत आहे, आणि तेथे सुशिक्षित माणूस अशिक्षितापेक्षा अधिक उघडा पडतो, हे वाचून आश्चर्य वाटेल. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने परदेशी नोकरभरती करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. उमेदवाराकडून घ्यायची रक्कमही ठरवून दिली असून २०१७ च्या दुरुस्तीनुसार तिची मर्यादा ३० हजार रुपये आणि वर कर अशी आहे. अठरा देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराचा करार सरकारी अधिकारी तपासतो आणि मगच त्याला जाऊ देतो. पण ज्याने दहावी पार केली त्याला या तपासणीतून सूट आहे. शिकलेल्या माणसाला आपले हित कळते, असे कायद्याने गृहीत धरले. परिणामी गवंड्याचा करार कोणीतरी वाचतो आणि एम.ए., बी.एड. शिक्षिकेचा करार तिच्याखेरीज कोणी वाचत नाही. तीही तो बहुधा विमानाचे तिकीट हाती पडल्यावर वाचते.

आणि त्या करारात वाचण्यासारखे पुष्कळ असते. एकूण पगार मोठा दाखवून मूळ वेतन लहान ठेवण्याची हातचलाखी घ्या. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारे उपदान पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाइतके असते. भत्ते त्यात धरत नाहीत. मूळ वेतन निम्मे केले की उपदानही निम्मे झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळणार की नाही, हे दहा महिन्यांच्या करारात लपलेले असते. पर्यटकाच्या परवान्यावर आधी या, कामाचा परवाना तेथे आल्यावर करू, असे सांगणारा माणूस आपल्याला बेकायदा ठरविण्याची तयारी करीत आहे, हे ओळखावे. पारपत्र शाळेकडे जमा करण्याची अट असेल तर ती मान्य करण्याचे कारण नाही. पदवीच्या प्रमाणपत्रांवर राज्याची, मग परराष्ट्र मंत्रालयाची आणि अमिरातीसारख्या देशासाठी वकिलातीची मोहोर लागते. यात आठवडे जातात. बहिःस्थ पदवी तेथे मान्य होईल का, याची चौकशी येथली नोकरी सोडण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. थायलंडच्या नावाने येणाऱ्या मोघम पत्रांबाबत तर विशेष सावध राहावे लागेल. २०२२ पासून इंग्रजी आणि संगणक जाणणाऱ्या भारतीय तरुणांना तेथील नोकरीचे आमिष दाखवून सीमेपलीकडे म्यानमारमधील सायबर ठगांच्या कोंडवाड्यांत पोचविल्याचे प्रकार परराष्ट्र मंत्रालयानेच जाहीर केले आहेत.

हे असेच चालावे, असा काही ब्रह्मलेख नाही. परिचारिकाही दहावीच्या पुढे शिकलेल्याच असतात. तरीही त्यांची दलालांकडून होणारी लूट असह्य झाली, तेव्हा २०१५ साली केंद्र सरकारने त्या अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना तपासणी लागू केली आणि त्यांची भरती सरकारी संस्थांकडे सोपविली. केरळजवळ अशी संस्था १९७७ पासून होती आणि तामिळनाडूनेही पाठोपाठ आपली स्थापन केली, म्हणून त्या राज्यांना याचा लाभ उठविता आला. केरळच्या संस्थेमार्फत शिक्षकांचीही भरती होते. महाराष्ट्रात २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसे पाठविण्याचा करार झाला. त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग काढण्यात आले आणि ते काम सोपविले गेले शालेय शिक्षण विभागाकडे. वाहनचालक, वीजतंत्री आणि परिचारिका यांना परदेशी पाठविण्याची जबाबदारी ज्या विभागाने घेतली, त्याला आपल्याच शिक्षकांची आठवण होऊ नये, हा मौजेचा भाग आहे.

परिचारिकांसाठी जे झाले ते शिक्षकांसाठी करायला नवा कायदा लागत नाही. केंद्राची एक अधिसूचना पुरते. तिची मागणी करण्याचे काम मंत्रालयाचे, आणि मंत्रालयाला ते करायला लावण्याचे काम शिक्षक संघटनांचे. या संघटना वेतनश्रेणी आणि बदल्या यांसाठी रस्त्यावर येतात, पण सभासद देशाबाहेर पडला की त्याचे नाव पटावरून काढून टाकतात. पुणे विद्यापीठाने आणि भाषाशास्त्राची परंपरा असलेल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने मिळून, प्रत्यक्ष वर्गातील सरावासह, इंग्रजी अध्यापनाचा एक कसदार अभ्यासक्रम उभा केला तर परदेशी जाणाऱ्यांचे काम होईल. जे येथेच राहतील त्यांच्या वर्गातील मुलांचे तर त्याहून अधिक होईल. आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्यांच्या मुलाखती त्याआधीच्या हिवाळ्यात होतात. म्हणजे जे करायचे ते दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व्हायला हवे.